जॉबरचा आवाज

दशरथ परबला कुणी काही विचारलं की तो आधी "व्हय, व्हय" म्हणायचा आणि मग ह्याने विचारलं काय असेल ह्याचा विचार करायचा. भांडुपच्या ज्या पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात तो गेटवर बसायचा, तिथे सगळे त्याला मनमिळाऊ समजत ते ह्याचमुळे. कशाला नाही म्हणत नाही, कुणाशी वाद घालत नाही. आता वाद घालायचा तर समोरचा काय बोलतोय ते कळावं लागतं. दशरथचा उजवा कान पार गेलेला होता आणि डाव्या कानाशी कुणी बोंब मारली तरच विहिरीतून आल्यासारखं काहीतरी पोचायचं.

हे कारखान्यात कुणालाही ठाऊक नव्हतं. घरी त्याच्या बायकोला, जानकीला, अर्थातच ठाऊक होतं. तिच्याशिवाय ठाऊक होतं ते फक्त जॉबरला, आणि जॉबर हा कुत्रा होता.

कान गेले ते परळच्या गिरणीत. कणकवलीकडून आलेला दशरथ मिसरूड फुटायच्या वयात साचेखात्यात लागला. साचे म्हणजे कापड विणायचे माग. ते शेकड्यांनी एकदम खडखडायला लागले की देव जरी येऊन कानात बोलला तरी ऐकू येणार नाही. म्हणून तिथली माणसं हातांनी आणि ओठांनी बोलत. पलीकडच्या रांगेतल्या माणसाला मुलगा झाला की मुलगी, पगार झाला की नाही, जॉबर आज कुणावर तापलाय, सगळं खुणांनी कळायचं. जॉबर म्हणजे खात्यातला मुकादम. तो मागून येऊन पाठीवर थाप मारायचा आणि बोटाने दाखवायचा, तिकडे धागा तुटलाय, बघ. वीसेक वर्षांत सगळ्यांचेच कान गेले, आणि सगळ्यांचेच गेल्यामुळे कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

वाटायला लागलं ते ब्याऐंशीच्या संपानंतर. गिरणी बंद पडली ती पडलीच. परळची खोली सोडून दशरथ-जानकी भांडुपच्या टेकडीवर पत्र्याच्या खोलीत आली. मानखुर्दला एका गोदामात माणूस हवा होता. दशरथ तिथे गेला आणि सरळ माणसाने सांगावं तसं सांगून बसला, की कानाने जरा कमी ऐकू येतं. त्यांनी त्याला चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं. त्या दिवसापासून त्याने ठरवलं की हे पुन्हा कुणाला सांगायचं नाही. डबेवाल्या शेठने "गेट सांभाळशील?" असं तोंडासमोर, मोठ्याने विचारलं. दशरथने ओठ वाचले, "व्हय" म्हणाला आणि नोकरी मिळाली.

नोकरी मिळणं सोपं, टिकवणं कठीण. गेट लोखंडी पत्र्याचं, आरपार काही दिसायचं नाही. बाहेर शेठची गाडी येऊन हॉर्न वाजवणार आणि आत दशरथ उन्हात ढिम्म बसून राहणार. पहिल्या आठवड्यात दोनदा शिव्या बसल्या. मग भंगाराच्या ढिगामागे त्याला एक तांबूस पिल्लू सापडलं. त्याला चपातीची सवय लावली आणि खुर्चीच्या पायाशी बसवलं. गेटशी काही वाजलं की ते उठायचं, भुंकायचं. दशरथचा तळवा कायम त्याच्या पाठीवर असायचा. भुंकणं ऐकू आलं नाही तरी हाताला कळायचं, बरगड्या हादरायच्या. तो उठून गेट उघडायचा. मागून थाप मारून काम दाखवणारा तो जॉबर, म्हणून कुत्र्याचं नावही तेच पडलं.

शेठ खूश. "हॉर्न देण्याच्या आधी दशरथ उभा!" असं तो पाहुण्यांना सांगायचा. दशरथनेच कुत्र्याला शिकवलंय अशी सगळ्यांची समजूत. खरं तर शिकवलं होतं कुत्र्याने दशरथला, पण हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. अशी दोनअडीच वर्षं बरी गेली. संपानंतरच्या त्याच्या आयुष्यातली तेवढीच काय ती बरी.

मग एका दिवाळीनंतर जॉबरचा आवाज गेला.

एकदम नाही गेला. आधी घोगरा झाला, मग चिरका, मग नुसती हवा फुसकारल्यासारखी. कारखान्यातल्या प्रत्येकाच्या लक्षात आलं. गेटबाहेर चहाची टपरी चालवणाऱ्या खंडूने दशरथला सांगितलंसुद्धा, "मामा, तुमच्या कुत्र्याचा घसा बसलाय." पण खंडूची मिशी म्हणजे झुडूप, त्याचे ओठ दशरथला कधी दिसलेच नव्हते. दशरथ हसला आणि म्हणाला, "व्हय, व्हय." रात्रपाळीला येणारा भाऊराव पान चघळत चघळत म्हणाला, "परब, जनावर भुंकतंय का खोकतंय रे?" दशरथला वाटलं, कुत्र्याला खायला घातलं का विचारतोय. "दिलंय, दिलंय," म्हणाला. भाऊरावला तो विनोद वाटला आणि तो खो खो हसला. दशरथही हसला, कारण समोरचा हसला की हसायचं हा त्याचा जुना नियम.

हाताला काही कळलं नाही असं नाही. बरगड्यांतला तो हादरा पहिल्यासारखा राहिला नव्हता. पूर्वी भरल्या पिंपावर काठी मारावी तसा तळव्यावर यायचा, आता नुसती थरथर. पण थंडीचे दिवस होते, कुत्रं चपात्या खाऊन माजलंय, आळसावलंय, असं दशरथने ठरवून टाकलं. "जॉबर झाल्यावर काम कोण करतां?" असं म्हणून त्याने त्याच्या टाळक्यात लाडाची एक टपलीही मारली होती. ती टपली पुढे त्याला फार दिवस आठवत राहिली.

संक्रांतीच्या सुमाराला मागचे पाय गेले. जॉबर चालताना पंजे घासायला लागला. नखं झिजून रक्त यायचं. पंजा उलटा पडायचा आणि त्याला ते कळायचंच नाही, तो तसाच उलट्या पंजावर उभा राहायचा. वळताना मागचं धूड एका बाजूला कोसळायचं. मांड्या बघता बघता वाळल्या. हे मात्र दशरथला दिसलं, कारण डोळे शाबूत होते. त्याने घरून उंडीच्या तेलाची बाटली आणली. कोकणात सांधे धरले की हेच तेल चोळतात. रोज जेवणाच्या सुटीत तो कुत्र्याचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसायचा आणि येणारेजाणारे म्हणायचे, बायकोचे पाय कधी दाबलेस काय रे?

एवढं होऊनही जॉबरने काम सोडलं नाही. उठता येईना, भुंकता येईना, तरी गेटशी काही वाजलं की त्याचे कान उभे राहायचे आणि मुंडी तिकडे वळायची. दशरथने खुर्ची फिरवून घेतली. आता तो गेटाकडे बघायचाच नाही, दिवसभर कुत्र्याच्या कानांकडे बघत बसायचा. कान हलले की धावायचा. शेठला काहीच कळलं नाही.

कळलं ते कामगारांना, आणि भलतंच. तोंडातून लाळ, घशात घरघर, आवाज गेलेला, पाय ओढत सरपटणारं कुत्रं. कुणीतरी म्हणालं, पिसाळलंय. झालं! एकदा पिसाळलं म्हटलं की मुंबईत पुढचं कुणी ऐकत नाही. बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात हे ज्याला त्याला माहीत होतं. माणसं दशरथच्या खुर्चीला वळसा घालून जायला लागली. म्युनिसिपालिटीच्या कुत्रेगाडीला फोन करायचं ठरलं.

ही बातमी दशरथला दादूने दिली. दादू कारखान्याचा टेम्पो चालवायचा. इंजिनाच्या वर ओरडून बोलायची सवय, त्यामुळे साधं बोलतानाही तो तोंड भलंमोठं उघडायचा, आणि त्याचा शब्द न् शब्द दशरथला दिसायचा. सगळ्या कारखान्यात दशरथचा त्याच्यावरच काय तो जीव.

"मामा, वाट लागली. गाडी बोलावतायत. नेलं की संपलं," दादू म्हणाला. "उद्या माझी लालबागची खेप आहे. परळला जनावरांचं हॉस्पिटल आहे ना, तिकडे दाखवू. पिसाळलेलं नाही असं डॉक्टरने सांगितलं तर ह्यांची तोंडं बंद होतील."

"व्हय," दशरथ म्हणाला, आणि ह्या वेळी पूर्ण ऐकून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या डब्यांच्या मध्ये गोणपाटावर जॉबरला घेऊन तो टेम्पोच्या हौद्यात बसला. परळला त्याच्या गिरणीवरून रस्ता गेला. गेटला साखळी होती आणि चिमणीवर पिंपळ उगवला होता. दशरथने तिकडे बघितलं आणि जॉबरच्या तोंडावरची लाळ पुसली. ह्या जागेला त्याने कान दिले होते, आता कुत्र्याचं काय राहिलंय ते विचारायला तो तिथूनच चालला होता.

डॉक्टरीण तरुण होती, शुभा नावाची. तिथले सगळे तिला शुभा मॅडम म्हणतात असं दादूने सांगितलं. तिने घाई केली नाही. जॉबरच्या गुडघ्याखाली छोट्या हातोडीने टकटक केलं, पाय उडाला नाही. उलटा पंजा ठेवून बघितला, त्याने तो सरळ केला नाही. मग डोळ्यांत बघितलं, घशाला हात लावला, आणि दशरथच्या समोर उभी राहून नीट बोलली, शिकवल्यासारखं.

"पिसाळलेला नाही. तसं असतं तर एवढे दिवस जगलाच नसता. मेंदू ठीक आहे, पाठीचा कणाही ठीक आहे. कण्यापासून पायांपर्यंत ज्या शिरा जातात ना, हालचालीच्या, त्या वाळत चालल्यात. मेन स्विच चालू, बल्ब चालू, वायर गेली. घशाची शीर लांब असते, म्हणून बहुतेक तीच पहिली जाते. आवाज कधीपासून बदलला ह्याचा?"

दशरथने प्रश्न बरोबर वाचला. ओठ स्पष्ट होते, चूक व्हायला जागाच नव्हती. पण उत्तर कुठून आणणार?

"भुंकण्याचा आवाज," ती म्हणाली. "घोगरा कधी झाला?"

"घोगरो?" दशरथ म्हणाला. घाबरला की त्याची मालवणी बाहेर यायची. "आवाज बदललो तेचो?"

दादू मध्ये पडला. "काय मामा! दिवाळीपासून बसलाय ना आवाज. सगळ्यांना माहितीय. खंडू तुम्हाला बोलला, भाऊराव बोलला."

खंडूचं झुडूप आणि भाऊरावचं पान दशरथच्या डोळ्यांसमोरून गेलं. आपण काय म्हणालो होतो तेही आठवलं. व्हय, व्हय. दिलंय, दिलंय.

"दिवाळीपासून?" डॉक्टरीण म्हणाली. तिच्या कपाळाला आठी पडली. "मग तेव्हाच आणायचं ना!"

हे वाक्य दशरथला लख्ख दिसलं. एक एक अक्षर.

मग ती वळली आणि भिंतीकडच्या नळावर हात धुवायला लागली. पाठमोरी, पाण्याखाली हात चोळता चोळता, ती पुढचं बोलली, "म्हणजे आणून तरी काय म्हणा. ह्याला औषधच नाही. तेव्हा आणला असता तरी हेच सांगितलं असतं मी. ह्यात तुमची काही चूक नाही."

दादूने ते ऐकलं आणि मान हलवली. दशरथला तिची पाठ दिसत होती, वेणी दिसत होती आणि नळाचं पाणी दिसत होतं. ती पुन्हा वळली तेव्हा बोलणं संपलं होतं. हात पुसत तिने विचारलं, "इथेच ठेवून जाता? इंजेक्शन देते. त्रास होणार नाही त्याला. पुढे छाती जाईल, श्वास जाईल, ते बघवणार नाही तुम्हाला."

"नाय," दशरथ म्हणाला. "कान शाबूत हत तेचे."

तिला वाटलं, माणूस दुःखाने काहीतरी बरळतोय. तिने आग्रह केला नाही.

पिसाळलेला नाही हे दादूने कारखान्यात येऊन ओरडून सांगितलं, पण शेठने ऐकलं नाही. असलं घाणेरडं जनावर गेटवर नको, एवढंच तो म्हणाला. दशरथने जॉबरला खांद्यावर टाकून टेकडीवर नेलं. जानकीने खोलीच्या दाराशी पोतं अंथरलं. तिला मुळात कुत्र्याचं प्रेम नव्हतं, पण नवऱ्याची नोकरी कुणाच्या जिवावर चाललीय हे ती जाणून होती.

"डाक्टर काय म्हणाली?" तिने त्याच्यासमोर बसून, ओठ हलवून विचारलं.

"म्हणाली, तेव्हाच आणूक होयो हुतो," दशरथ म्हणाला. "माका आवाज आयकाक इलो नाय, आणि तेचे पाय गेले. माझ्या भयरेपणाक तेना पाय दिले गो."

जानकीने समजूत घालायचा प्रयत्न केला. पण डॉक्टर शिकलेली, ती कशाला खोटं बोलेल, ह्याच्यापुढे तिचं काय चालणार? संध्याकाळी तिने शेजारच्या शांताबाईला बोलावलं, नारळ ठेवला आणि दशरथने गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं. कुत्र्यासाठी गाऱ्हाणं म्हणजे लोकांनी हसावं असंच, पण शांताबाई हसली नाही. "बा देवा म्हाराजा, ह्या मुक्या जनावराच्या पायात काय वाकडा-नाकडा शिरला असात तर ता भायर काढ. आणि माझी चूक असात तर ती तेच्या पदरात घालू नको रे म्हाराजा." दोघी बायका प्रत्येक वाक्यामागे "व्हय म्हाराजा" म्हणत होत्या. देवाने ऐकलं की नाही कोण जाणे. काही देवांचेही कान गेलेले असतात.

गेटवर आता दशरथ एकटा. खुर्ची टाकून दिली, गेटाच्या बारीक फटीला डोळा लावून उभा राहायचा. पण माणूस दिवसभर फटीला डोळा लावून किती उभा राहणार? एका दुपारी डोळ्यांत कचरा गेला म्हणून तो पिंपावर तोंड धुवायला वळला. बाहेर शेठची गाडी, गाडीत एक मोठं गिऱ्हाईक. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकला. शेवटी शेठ स्वतः उतरला, छोट्या दारातून आत आला आणि दशरथच्या पाठीमागे उभा राहून त्याला हाका मारत राहिला. सगळे कामगार मशिनी सोडून बघत होते. शेठने खांदा धरून त्याला फिरवलं तेव्हा दशरथच्या तोंडावरून पाणी निथळत होतं.

"झोपतो का रे उभ्या उभ्या?" शेठ ओरडला.

दशरथला उत्तर निवडायचं होतं. झोपाळू माणसाला कुठेतरी दुसरीकडे काम मिळू शकतं, बहिऱ्याला मिळत नाही, हे तो मानखुर्दला शिकला होता.

"व्हय शेठ," तो म्हणाला. "डोळा लागला."

उभ्याने, तोंड धुताना झोप लागलेला माणूस! कामगार पोट धरून हसले आणि त्यांच्याबरोबर दशरथही हसला. संध्याकाळी त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

त्यानंतर तो आणि जॉबर दोघे खोलीच्या दाराशी बसलेले असत. जानकी टेकडीखालच्या बंगल्यांत भांडी घासायला जायला लागली. जॉबरचे पुढचेही पाय गेले. त्याला भात भरवावा लागायचा, कूस बदलावी लागायची, दशरथ ते सगळं करायचा. कान तेवढे शेवटपर्यंत चालू होते. जानकी टेकडी चढायला लागली की ते उभे राहायचे, आणि दशरथ उठून चुलीवर चहाचं आधण ठेवायचा. ती दारात आली की चहा तयार. नोकरी गेली तरी जॉबर कामावर होता.

मग डॉक्टरीण म्हणाली होती तसं छातीपर्यंत आलं. एका दुपारी जॉबरचे कान ताठ झाले, मुंडी वळायला गेली पण वळली नाही. दशरथचा तळवा बरगड्यांवर होता. जॉबर भुंकायचा प्रयत्न करत असावा. बरगड्या एकदा आत गेल्या, बाहेर आल्या, आणि हाताखाली काही उरलं नाही. खालून जानकी येत होती. त्या दिवशी तिला चहा मिळाला नाही. दोघांनी मिळून टेकडीमागे करंजाच्या झाडाखाली खड्डा खणला.

थोड्या दिवसांनी दादू भेटायला आला. खालच्या वाटेने हाका मारत आला, पण दशरथने ओ दिली नाही, त्यामुळे मामा रागावलाय असं त्याला वाटलं. रिकामं पोतं बघून तो काय ते समजला आणि समोर उकिडवा बसला.

"मी त्याचे पाय घालवले, दादू," दशरथ म्हणाला. "दिवाळीला नेला असता तर चालत असता आज."

दादू बुचकळ्यात पडला. एवढं स्पष्ट सांगितलेलं असताना हा माणूस स्वतःला का खातोय हे त्याला कळेना. मग त्याला वाटलं, दुःखात माणूस असंच काहीबाही बोलतो, पुन्हा उगाळण्यात अर्थ नाही. त्याने आपलं ते मोठं तोंड उघडून, नीट समोर बघून एवढंच विचारलं, "मामा, डॉक्टरीण काय बोलली ते ऐकलंत ना तुम्ही?"

दशरथला प्रश्न अक्षर न् अक्षर कळला.

"व्हय, व्हय," तो म्हणाला. "ऐकलंय रे मी."